प्रणितने मोजलेली हळद

पनवेलला एका दुकानाच्या माडीवर प्रणित गणिताचे वर्ग घेतो. शिकवतो छान, माझाच विद्यार्थी. फक्त वर्ग संपला तरी खडू खाली ठेवत नाही. चहाचे कप त्याच्या लेखी नैसर्गिक संख्या, इमारतीतलं तळघर ऋण पूर्णांक, आणि होणाऱ्या व्याह्यांचे रुसवे अपरिमेय. कारण ते संपतही नाहीत आणि तेच तेच पुन्हा येतही नाहीत.

बहिणीची, दिपाची, हळद ठरली तेव्हा जेवणाचा अंदाज त्यानेच मागून घेतला. आई सोनाबाईंनी पळस्प्याजवळच्या त्यांच्या गावात घरोघर चूलबंद आमंत्रण दिलं होतं. म्हणजे अख्ख्या घराने जेवायला यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही.

"आई, सगळी माणसं सारखी धरायची नसतात," प्रणित म्हणाला. "मुलं अर्धी. दात पडलेले एक तृतीयांश. उरणला बंदरावर पाळीला गेलेले वजा."

"माणसं हायेत का भाकरीचे तुकडे?" सोनाबाई म्हणाल्या. "चार भांडी वाढीव सांग."

"अंदाज म्हणजे अडाणीपणा, आई."

उत्तर आवर्ती दशांशात आलं. त्याने ते खालच्या पूर्णांकात बसवलं आणि आचाऱ्याला सांगितलं.

हळदीला एक तृतीयांश महादेवकाकांनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला. "दात नायत, पोट हाय ना!" अर्ध्या मुलांनी पुरी ताटं साफ केली. आणि शेवटच्या पंगतीला वजा केलेली मंडळी बंदरावरून सरळ मांडवात आली. घरी जाऊन करणार काय? मटणाच्या पातेल्यात पळी खडखडली, भाकऱ्याही संपल्या. शेजारून भाकऱ्या मागाव्यात, तर गावात एकही चूल पेटलेली नव्हती.

सोनाबाई पदराने तोंड पुसत आचाऱ्यामागे उभ्या राहिल्या. घरातल्या पहिल्या कार्यात माणसं उपाशी उठणार होती.

प्रणितने टेम्पो काढला आणि हायवेवरच्या हॉटेलातून मिळाला तो व्हेज पुलाव आणला.

"हळदीला पुलाव?" महादेवकाका ओरडले. "मास्तर, सत्यनारायन हाय का रं?"

मांडव हसला. माणसं जेवली, पण हसत हसत. आणि ते हसू लग्नाच्या बरंच पुढे जाणार हे सोनाबाईंना कळत होतं.

"माझी रीत बरोबर होती," प्रणित पुटपुटला. "माणसांनीच आपापला गट सोडला."

हळदीने माखलेल्या दिपाने त्याच्या हातात पाण्याचा जग दिला. "दादा, उद्याचं जेवण आई सांगेल. तू पाणी वाढ. आणि महादेवकाकांचा ग्लास पूर्ण भर."