लोखंड कुठं अडतं

आमच्या काटोलकडच्या बागेतली संत्र्याची झाडं पिवळी पडू लागली, तेव्हा मी नागपुरात शेतीच्या कॉलेजात मातीवर संशोधन करत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे झाडाला लोह कमी पडतंय, हे मला पुस्तकानं शिकवलं होतं आणि बाबांना त्यांच्या वडिलांनी. म्हणून बाबा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बुंध्याशी लोखंड पुरायचे. गंजलेले खिळे, बैलांचे झिजलेले नाल, मोडक्या वखराची पास, हाताला लागेल ते. आई शेवटी उलथनं लपवून ठेवू लागली. झाडं मात्र पिवळीच. त्या दिवाळीत बाबांनी सांगून टाकलं, "उन्हाळ्यात बाग तोडतो अन् कापूस लावतो."

त्या बागेच्या जिवावर मी शिकले होते. मी म्हटलं, "उन्हाळ्यापर्यंत थांबा. एवढं लोखंड जातं कुठं, ते मी शोधून काढते."

"जमिनीतलं लोखंड तुले दिसते काय वं?"

"दिसत नाही. पण ऐकू येतं."

बाबा हसले, पण थांबायला तयार झाले.

ऐकू येतं ते असं. आमच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी लोह यायचं, शिशाच्या जाड डब्यात बंद होऊन, रेल्वेनं. माती आणि मुळं त्याला साध्या लोहासारखंच वागवतात. फरक एवढाच, की काउंटरची नळी जवळ नेली की यंत्र टकटकतं. कुंडीतल्या मातीत ते घालायचं आणि मग मुळाशी, खोडाशी, पानाशी नळी धरत जायचं. लोह कुठवर पोचलं ते कळतं. पण दीड महिन्यात ते निम्मं विरून जातं, त्यामुळे आळसाला जागा नाही.

मी बागेतली माती पोत्यात भरून आणली आणि कुंड्यांत संत्र्याची कलमं लावली. प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे डिस्टिल्ड पाणी घातलं. कलमं हिरवीगार! पानाशी काउंटर मजेत टकटकत होता. रोग लागतच नव्हता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्या मातीत दोष नाही. विषय बदला." विषय बदलणारे बदलोत, मी हट्टाला पेटले. माती तीच, कलमं त्याच रोपवाटिकेतली, मग बागेत आणि कुंडीत वेगळं काय? चार दिवस डोकं खाजवल्यावर उत्तर सुचलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. पाणी.

आमची विहीर म्हणजे बाबांचा अभिमान. काही वर्षांपूर्वी त्यांनी खडक फोडून ती खोल केली होती, मोटर बसवली होती. घरी येणाऱ्याला चहाआधी त्या विहिरीचं पाणी प्यावंच लागे. मी दर रविवारी रिकामा कॅन घेऊन घरी जाऊ लागले. बाबांना वाटलं, पोरीला शहराचं पाणी मानवत नाही. ते स्वतः कॅन विसळून, काठोकाठ भरून एसटीत चढवून द्यायचे आणि स्टँडवर ओळखीच्यांना कौतुकानं सांगायचे. कंडक्टर करवादायचा, "काहून बाई, नागपूरचं पाणी आटलं काय?" बाबांच्याच हातानं मी त्यांच्याविरुद्ध पुरावा गोळा करत होते.

निम्म्या कुंड्यांना मी ते पाणी घालू लागले. काही आठवड्यांत त्या पाण्यावरच्या कलमांची नवी पानं पिवळी पडली. मुळाशी नळी नेली की यंत्र तडतडायचं, पानाशी जवळजवळ गप्प. खोलातल्या पाण्यातला खार लोहाला मुळाशीच अडवून ठेवत होता. मला आधी आनंदच झाला. मग भीती वाटली. माती वाईट आहे, एवढं सांगून मोकळी झाले असते तर कुणाला लागलं नसतं. पण बाबा तेच पाणी ओतत राहिले असते आणि बाग गेली असती. मी त्यांना नागपूरला बोलावलं.

सरांची परवानगी काढली आणि बाबांना टेबलापासून लांब उभं केलं. हिरव्या कलमाच्या कुंडीत मुळाशीही टकटक, पानाशीही. पिवळ्याच्या कुंडीत मुळाशी तडतड. पानाशी शांतता.

"म्हणजे दारापर्यंत आलं अन् घरात नाही गेलं?" बाबा म्हणाले.

"हो."

"अडवलं कोणं?"

"आपल्या विहिरीच्या पाण्यानं, बाबा."

त्यांनी दोन्ही कुंड्या पुन्हा ऐकवायला लावल्या. मग टोपी घातली आणि चहाही न घेता स्टँडकडे निघून गेले.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. बाग उभी होती. ओट्यावर फवारणीचा पंप ठेवलेला. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक ओळ देतो तुले. बाकीच्याचं मंग पाहू."

उपाय साधाच होता, मी तो पत्रानं आधीच कळवला होता. विहिरीचं पाणी गरजेपुरतंच, मुळाशी भरपूर शेणखत, आणि हिराकशीची फवारणी थेट पानांवर. हिराकस म्हणजे विरघळणारं लोहच, त्याला मुळातून जावंच लागत नाही. मी दर रविवारी जात राहिले. खांदे सोलून निघाले. बाबा बांधावरून बघायचे, चांगलं-वाईट काही बोलायचे नाहीत. माझ्या ओळीत हिरवी पालवी फुटली, तरी बोलले नाहीत. कुऱ्हाडीचं नाव मात्र कुणी काढेना.

अशाच एका रविवारी शेजारचे काका बांधावर आले. त्यांची झाडं अजून चांगली होती. त्यांनाही विहीर खोल करायची होती, म्हणून खडक फोडणाऱ्याचा पत्ता विचारायला आले होते. मी ओळीच्या मधोमध होते, कान देऊन.

"खोल नको करू गा," बाबा म्हणाले. "माह्याच विहिरीनं माहे झाडं पिवये केले. माह्या पोरीनं मले ऐकवलं ते."

काका माझ्याकडे बघू लागले. माझे डोळे भरून आले, समोरचं झाड दिसेना. पंपाचा दांडा मी तसाच हलवत राहिले, कारण ओळ अजून अर्धी बाकी होती.