मोगऱ्याला पोलादाची मळी

“अरे मॅन, त्या झाडाला काय लोखंड पाजतोस?” आंटी खोताच्या वाडीतून अशा ओरडल्या की ठाकूरद्वारच्या सिग्नलला उभ्या गाड्या लाल दिव्यातच सुटल्या. परवा कुठूनसा मोगऱ्याचा वास आला आणि तो आवाज पुन्हा कानात घुमला. त्यांचे मिस्टर, आमच्या शेजारचे अंकल, पोलादाच्या भट्टीवरून नुकतेच रिटायर झाले होते आणि कुंडीतल्या लाल मातीत कसलीशी काळी भुकटी कालवत बसले होते. दर मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाला पहिला हार आंटींच्याच मोगऱ्याचा, पण त्या वर्षी झाडाला कळीसुद्धा धरली नाही आणि हाराचा मान समोरच्या घरात गेला. “लोखंडात फॉस्फरस राहिला तर पोलाद ठिसूळ होतं,” अंकल हात न थांबवता म्हणाले. “म्हणून भट्टीत चुना टाकतो. चुना तो ओढून घेतो नि मळी होऊन वर तरंगतो. तिच्यातलं कॅल्शियम फॉस्फेट म्हणजे झाडाचं जेवण.” “झाड मेलं तर तुझं जेवण बंद,” आंटी म्हणाल्या. पुढच्या मे महिन्यात मोगरा असा काही फुलला की हारात क्रूस शोधायला फादरांनी दोनदा चष्मा पुसला, आणि मधमाश्या तर कॉटन ग्रीनहून टॅक्सी करून आल्या. भट्टीनं ओकलेल्या घाणीतून फुलं काढणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही. सगळी वाडी आंटींच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी हार सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “उरलेली पावडर लिंबाला घाल.”