टपोरं अक्षर

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी नवी मास्तरीण होते. शाळेचे चिटणीस हजेरीपट बघायला येत आणि इतके वाकत, की त्यांचा श्वास माझ्या मानेला लागे. मला वाटे, नजर अधू असेल. मी शहाणी रोज अक्षर आणखी टपोरं काढू लागले. चार नावांत पान भरे, तरी ते वाकतच.

थोरल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं वेडे, त्यांना खाडीपलीकडची होडी दिसते."

"मग वाकतात कशाला?"

त्यांनी माझा पदर मानेभोवती नीट ओढून दिला.

दुसऱ्या दिवशी चिटणीस येताच मी दारात उभी राहून हजेरी मोठ्यानं वाचली. ते आल्या पावली परतले. संध्याकाळी 'बाई उद्धट' असा शेरा आला. नोकरी जाणार म्हणून मी रडले, की सुटले म्हणून, ते मला अजून उमगलेलं नाही.