चार इंच कापलेली बंदूक

चूक भालेराव काकांची होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या ग्रुपमध्ये किस्सा सुरू झाला की तो संपेपर्यंत चूक कोणाची ते बदललेलं असतं. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलच्या बाहेर एका शेतावर आम्ही दर रविवारी क्ले शूटिंग करतो. म्हणजे मशीन मातीच्या बशा हवेत फेकतं आणि आपण त्या शॉटगनने फोडायच्या. सहा-सात मराठी काका आणि मी. रिकाम्या काडतुसांनी बादल्या भरतात तसे किस्से भरतात. बादल्या निदान कोणीतरी रिकाम्या करतं.

मी ओंकार, वय चोवीस. युनिव्हर्सिटी दुसऱ्या वर्षाला सोडली. रीडिंगच्या एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. काका लोक बाहेर सांगतात, "सध्या विचार करतोय." मी कसलाही विचार करत नाहीये.

*

भालेराव काका भूलतज्ज्ञ. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवलं, रिटायर झाल्यापासून तेच काम नुसतं बोलून करतात. बशी हुकली की कारण तयार: वारा, ऊन, चष्मा, काडतूस. एकदा आभाळ भरलेलं होतं, पान हलत नव्हतं, चष्मा नवा होता आणि काडतुसं त्यांनी माझीच घेतली होती. पाच बशा सलग आख्ख्या जमिनीवर पडल्या.

काका बंदूक खाली घेऊन म्हणाले, "ओंकार, तू मागे उभा राहू नकोस. तुझ्यामुळे हुकतंय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

माझी बंदूक जुनी इंग्लिश, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, तीस इंची. एक आख्खा हिवाळा शनिवारच्या शिफ्ट करून घेतली. काकांची नवी इटालियन, चकचकीत. तरी दसऱ्याला त्यांचा फोन: "पूजेला तुझी आण. शस्त्र कसं, जुनं शोभतं."

नेली. घरात बंदूक मधोमध मोडून, उघडी ठेवायची असते. तशी पाटावर ठेवली. काकांनी हळदीकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि एक सुपारी उचलून डाव्या नळीच्या मागच्या तोंडात टेकवली. "गणपती इथे बसू दे."

गणपती बसला नाही. घरंगळत आत गेला. अशा जुन्या बंदुकीची नळी पुढच्या टोकाशी जराशी आवळलेली असते, तिथे जाऊन अडकला. तेव्हा कोणी पाहिलं नाही.

आवरताना काकू म्हणाल्या, "अहो, एक सुपारी कमी आहे."

"असू दे गं. सोफ्याखाली गेली असेल."

मी तेव्हा श्रीखंड खात होतो.

*

रविवारी पहिली बशी उजव्या नळीने फोडली. दुसरीला डावी उडवली. आवाज काहीतरी भलताच आला. बघतो तर नळीचं टोक गालात लाडू धरल्यासारखं फुगलेलं. कोणाला लागलं नाही हे नशीब.

टोकाला तपकिरी भुसा चिकटला होता. देशपांडे काका, आमच्या ग्रुपचे आयटीवाले, यांनी तो बोटावर घेऊन हुंगला. "सुपारी आहे ही."

सगळे भालेराव काकांकडे वळले. काका म्हणाले, "बार उडवायच्या आधी नळीतून बघायचं नसतं का?"

बघायचं असतं. मी बघितलं नव्हतं. तेवढा माझा भाग, आणि तो मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर कबूल केला. काकांचा भाग अजून कोणी कबूल केलेला नाही.

*

केन हा तिथला बंदुकांचा डीलर. विकतो, दुरुस्त करतो. त्याने फुगवट्यावरून अंगठा फिरवला.

"टोक कापावं लागेल. दोन्ही नळ्यांचं, चार-चार इंच. सव्वीसवर थांबलो तर कायदेशीर. चोवीसच्या खाली गेलो तर तू तुरुंगात आणि मी शेजारच्या कोठडीत."

"मग काप."

"ऐक जरा. आवळलेलं टोक जाणार, म्हणजे छर्रे लवकर पसरणार. लांबची बशी विसरायची. मग बंदूक प्रूफला, म्हणजे चाचणीला जाणार. तिथे ते मुद्दाम जास्त जोराची काडतुसं उडवून बघतात. टिकली तर शिक्का, फुटली तर भंगार. एवढं करून ही कोणी विकत घेणार नाही."

"मला विकायचीच नाहीये."

केनने चहाचा मग खाली ठेवला. "मग मला विचारतोयस कशाला?"

*

पुढच्या रविवारी क्लबहाउसमध्ये काकांची बैठक बसली. बंदूक माझी, त्यामुळे माझं मत सर्वांत शेवटी घ्यायचं ठरलं. देशपांडे काकांनी लॅपटॉपवर दोन रकाने पाडले, फायदे आणि तोटे. तोट्यांत अकरा मुद्दे झाले. फायद्यांत एकच: "ओंकारची इच्छा." थोड्या वेळाने तोही त्यांनी उचलून तोट्यांत टाकला.

भालेराव काका छताकडे बघत म्हणाले, "अर्धवट वस्तूचा सोस असतो काही जणांना. कोणी डिग्री अर्धवट सोडतं, कोणी अर्ध्या बंदुकीला कवटाळून बसतं."

मी म्हटलं, "काका, मी डिग्री सोडली. दुसऱ्याच्या बंदुकीत सुपारी नाही सोडली."

बैठक तिथेच आटोपली. सोमवारी मी बंदूक कापायला दिली.

*

क्रॉयडनहून आईचा फोन आला. बातमी रविवारीच पोचली होती.

"भालेरावांना उलट बोललास म्हणे."

"बोललो."

"आणि बंदूक कापतोयस? कापलेली बंदूक दरोडेखोर वापरतात ना रे?"

"आई, सव्वीस इंच राहतेय. पूर्णपणे कायद्यात बसते."

आई म्हणाली, "कायद्याचं मी बघते काय ते. तू आधी काकांना फोन कर."

*

मार्चमध्ये बंदूक शिक्का घेऊन परत आली. पुढून हलकी झाली होती, खांद्याला लावली की लगेच बशीवर जायची. आमच्या शेतावर झाडीतून अचानक, अगदी जवळून बशा निघतात असा एक स्टँड आहे. तिथे मी दहातल्या नऊ फोडल्या. भालेराव काकांनी चार.

"आखूड नळी आहे ना," काका म्हणाले. "त्यात काय कौशल्य."

मी देशपांडे काकांना म्हटलं, "हे फायद्यांत लिहा." ते चष्मा पुसत बसले.

*

ऑक्टोबरमध्ये माझ्या शॉटगन सर्टिफिकेटची, म्हणजे बंदुकीच्या परवान्याची, पाच वर्षं संपत होती. रिन्यू करायला एक रेफरी, म्हणजे पोलिसांना आपली खात्री देणारा माणूस लागतो. किमान दोन वर्षं ओळखणारा, नातेवाईक नसलेला. डीलर चालत नाही, म्हणजे केन बाद. युनिव्हर्सिटीतलं कोणी आता फोन उचलत नाही, वेअरहाउसचा मॅनेजर नवा आहे. राहिले हे काका. पहिल्या वेळी भालेराव काकाच रेफरी होते. देशपांडे काकांना विचारलं तर म्हणाले, "मला मध्ये घेऊ नकोस, भालेरावांना वाईट वाटेल." बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही.

दसऱ्याला भालेराव काकांकडे गेलो. बंदूक न घेता. पाटावर या वर्षी त्यांची इटालियन होती, बंद करून, दोन्ही तोंडांना सेलोटेप लावून.

काका म्हणाले, "नाव देतो की. मी कुठे नाही म्हणतोय? फक्त सगळ्यांसमोर सॉरी म्हण. चूक माझी होती, काकांचा काही संबंध नव्हता, एवढंच."

"माझी चूक मी गेल्या वर्षीच सांगितली, काका. तुमची तुम्ही सांगा."

खोलीतले सगळे काका गालिच्याकडे बघायला लागले. एकाने "मोठ्यांशी असं बोलतात का" एवढं पुटपुटून घेतलं.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "एक सुपारी कमी आहे, असं मी त्याच दिवशी म्हटलं होतं."

काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "तू पानं वाढ."

मी उठलो. सॉरी म्हटलं नाही. सर्टिफिकेट संपलं. बंदूक सव्वीस इंची आहे, कायदेशीर आहे आणि केनच्या दुकानात कुलपात आहे. मला तिला हात लावता येत नाही.