वर्गणी परत घेत नाहीत

सुजाता गेल्याचं मला सकाळी सव्वासातला कळलं आणि साडेआठपर्यंत मी तिच्यावर नुसती चिडलेली होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, महावीरचा होता. जयसिंगपूरला आईला भेटायला म्हणून ती शनिवारी गेली होती, नीट जेवली, झोपली आणि सकाळी उठलीच नाही. हृदयाच्या झडपेचं दुखणं तिला लहानपणापासूनचं. डॉक्टरांनी शुक्रवारी तपासायला बोलावलं होतं, आणि शुक्रवारी ही बया माझ्यासमोर बसून पन्हाळ्याच्या महोत्सवाला खुर्च्या मांडायच्या की सतरंज्या, यावर वाद घालत होती. "डॉक्टरांकडं गेलीस का?" असं मी दोनदा विचारलं. "जातो की. डॉक्टर काय पळून चाललाय?" म्हणाली. आमच्याकडच्या मुली 'जाते', 'येते' म्हणत नाहीत, मुलांसारखं 'जातो', 'येतो' म्हणतात. वीस वर्षं बंगळूरला राहूनही तिची ती सवय सुटली नव्हती. जिना उतरता उतरता खालून ओरडली, "नंदे, सोमवारी येतो." सोमवारी मी जयसिंगपूरहून एकटी एसटीनं परत येत होते. पन्हाळ्यासाठी लोकांनी भरलेले पैसे आमच्या खात्यात पडून होते, ठरलेल्या खर्चाच्या निम्मेसुद्धा नव्हते, आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न ती माझ्या गळ्यात टाकून गेली होती. आज सहा-सात आठवड्यांनी लिहायला बसले आहे ते त्या प्रश्नाचं काय झालं हे सांगायला.

आम्ही कॉलेजात एका बाकावरच्या. मी पुढं बँकेत चिकटले, ती कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगळूरला गेली. गाणं दोघींनाही येत नव्हतं, ऐकायचं वेड मात्र होतं, तिचं जरा जास्तच. जयसिंगपूरला त्यांचं कापडाचं दुकान. दुकानात बसून गल्ल्यापेक्षा रेडिओकडे लक्ष देते म्हणून वडिलांची बोलणी खात वाढलेली पोर. पंचेचाळिशीत नोकरी सोडून ती कोल्हापूरला आली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "स्टार्टअप काढायचाय." मी म्हटलं, या वयात लोक गुडघ्यांचं बघतात. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "ऐकणारी माणसं कमी हायत का आपल्याकडं? पण गाणं ठेवायचं म्हटलं की आधी एक साहेब लागतो. मग त्याच्या फोटोचा फलक, त्याचा सत्कार, त्याचं भाषण… आणि गाणारा बिचारा पडद्यामागं जांभया देत बसतोय. ऐकणाऱ्यांनीच आधी पैसे काढले तर साहेब कशाला पाहिजे?" तिची योजना अशी होती : कुणाचं गाणं ऐकायचं ते वेबसाइटवर जाहीर करायचं, खर्च मांडायचा, आणि महिनाभरात ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं भरायचं. रक्कम पुरी झाली तर कार्यक्रम होणार, नाही झाली तर ज्याचे पैसे त्याच्या खात्यात आपोआप परत. याला क्राउडफंडिंग म्हणतात, असं तिनं मला समजावलं. मी म्हटलं, याला वर्गणी म्हणतात, आणि आमच्या गल्लीतल्या तालमीची पोरं ती कसलाही स्टार्टअप न काढता गोळा करतात. ती खो-खो हसली आणि वेबसाइटचं नाव 'जमवाजमव' ठेवून मोकळी झाली. मी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरात नवऱ्याचं डोकं खात बसले होते, त्यामुळे तिची भागीदार हो म्हणून त्यानंच मला बाहेर ढकललं.

पिठाच्या गिरणीवरची एक खोली आम्ही भाड्यानं घेतली. गिरणी चालू झाली की टेबल थरथरायचं आणि सुजाताच्या लॅपटॉपवर पांढरी पूड बसायची. पहिले दोन-तीन कार्यक्रम शहरात झाले, बरे झाले. मग कोडोलीच्या लोकांनी धारवाडकडच्या एका गायकांचं गाणं ठेवायचं ठरवलं. त्यांना आम्ही बुवा म्हणायचो. पैसे भराभर आले आणि शेवटी थोडक्यात अडकले. मुदत संपली, वेबसाइटनं आपलं काम चोख केलं, आणि शंभरेक माणसांच्या खात्यात त्यांचे पैसे परत गेले. सुजाता हळहळली, पण तिला त्याचा अभिमानही होता. बघ, एक पैसा इकडचा तिकडं नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला जिन्यावर पायांचा आवाज झाला आणि कोडोलीचे पाचजण खोलीत येऊन उभे राहिले. पुढं दिनकरअण्णा होते. चार म्हशी, दोन एकर ऊस आणि भजनी मंडळात पखवाज, असा माणूस. पाणी पुढं केलं तर घेतलं नाही.

"ताई, आमचं पैसं परत का आलं?"

"अण्णा, कमी पडले थोडे. नियमच आहे तसा. तुमचं नुकसान नको म्हणून…"

"कमी पडलं म्हणून परत करत्यात व्हय?" अण्णांचा आवाज खाली गिरणीपर्यंत गेला असणार. "देवळाच्या शिखराला वर्गणी दिली, शिखर न्हाय झालं, पायऱ्या झाल्या. कुणी दारात परत आणून न्हाय दिली. आमचं पैसं काय खोटं हुतं? गावात त्वांड दाखवायला जागा न्हाय ठेवली तुमी."

मी बँकेत बावीस वर्षं काढली. पैसे परत मिळाले म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण अण्णांचं खरं होतं आणि आम्हा दोघींना ते कळायला हवं होतं. आमच्या दोघींच्याही घरात कुणी वर्गणी परत घेतलेली मला आठवत नाही. वर्गणी परत येते ती वाळीत टाकलेल्या घराची. आम्ही एका गावाला एका बटणात वाळीत टाकलं होतं… सुजाताचा चेहरा पडला. तिनं अण्णांची माफी मागितली, सरळ हात जोडून, आणि त्यांच्यासमोरच बुवांना फोन लावला. "बुवा, एवढेच जमलेत. स्टेज नाही, स्पीकर नाही, गाडी पाठवता येणार नाही. याल का?" ऐकायला कोण आहे, एवढंच बुवांनी विचारलं. "पैसे परत घ्यायला तयार नसलेली माणसं हायत," ती म्हणाली.

परत गेलेले पैसे गावानं पुन्हा भरले आणि बुवा एसटीनं आले. गावच्या दूध संस्थेत संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर फरशी धुऊन घेतली, ताडपत्रीवर जाजम टाकलं आणि गाणं झालं. तबल्याला गावातलाच एकजण होता, पेटी शाळेतली. एकजण उशिरा दुधाची किटली घेऊन दारात आला, तो तसाच हातात किटली धरून तासभर उभा राहिला. माईक नसल्यामुळे की काय, माणसं सरकत सरकत इतकी पुढं आली की बुवांना मांडी बदलायला जागा उरली नाही. मी तोपर्यंत या सगळ्याकडं सुजाताचं खूळ म्हणून बघत होते. त्या संध्याकाळनंतर बघितलं नाही.

तेव्हापासून तिनं नियम बदलला. प्रत्येक कार्यक्रमाचे तीन आकार ठरवायचे, मोठा, मधला आणि लहान, आणि जेवढं जमेल त्या आकाराचा करायचा. रद्द काही करायचं नाही. पैसे भरण्याआधीच हे स्पष्ट लिहिलेलं असे, आणि ज्याला परत हवेत त्यानं मागावेत, लगेच मिळतील. मागितले फार थोड्यांनी. हा नियम घेऊन आम्ही पुण्याला गेलो, स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या मंडळींपुढं. काचेची खोली, गार हवा, समोर आमच्या मुलांच्या वयाचे तिघे. त्यातल्या एकानं फार अदबीनं विचारलं, "मॅडम, पैसे परत द्यायची हमी नसेल तर लोकांचा विश्वास कसा बसणार?" सुजाता म्हणाली, "आमच्याकडं परत दिले की विश्वास जातो." त्यांनी एकमेकांकडं बघितलं. आम्हाला कॉफी दिली, कळवतो म्हणाले आणि अर्थातच कळवलं नाही. परतीच्या एसटीत मी त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. ती खिडकीला डोकं टेकून हसत होती. "नंदे, त्यांचं चुकलं नाही गं. त्यांना दिनकरअण्णा भेटले न्हाईत," म्हणाली आणि साताऱ्यापर्यंत झोपली. मला तिचा तेव्हा राग आला होता. हरल्यावर माणसानं जरा तरी हरल्यासारखं दिसावं, असं माझं मत.

पन्हाळा हे तिचं सगळ्यात मोठं स्वप्न. तीन दिवस, नऊ कलाकार, आणि सगळा खर्च ऐकणाऱ्यांचा. फलकावर कुणाचा फोटो नाही. ती गेली तेव्हा मुदतीचे अकरा दिवस राहिले होते. महावीर आणि मी बसलो आणि शहाण्यासारखा निर्णय घेतला. जिच्या शब्दावर लोकांनी पैसे दिले तीच राहिली नाही, तेव्हा पैसे परत करावेत आणि 'जमवाजमव' बंद करावं. मी सगळ्यांना निरोप पाठवला : सुजाता आपल्यात नाही, आपली रक्कम परत पाठवत आहोत, खाते क्रमांक तपासून कळवावा. तिच्याकडून एकदा झालेली चूक मी डोळे उघडे ठेवून दुसऱ्यांदा केली, आणि मला ते कळलंही नाही. चार दिवस वाट पाहिली. कुणीही खाते क्रमांक कळवला नाही. पाचव्या दिवशी दिनकरअण्णांचा फोन आला.

"बाई, तुमचं पत्र आलं. ताईंचं लई वाईट झालं. घरात दोन दिवस कुणाला ग्वाड लागलं न्हाय." मग म्हणाले, "पण पैसं ताईंनी घेतल्यात. तुमी कोण परत देणार?"

मी म्हटलं, अण्णा, निम्मेसुद्धा जमले नाहीत, तीन दिवसांचं कसं करणार?

"तीन दिस न्हाय हुईत तर एक दिस करा. एक दिस न्हाय तर एक सकाळ करा. ताईंनी आमच्या गावात केलतं तसं."

फोन ठेवल्यावर मी रडले. त्या दिवसापर्यंत नीट रडलेच नव्हते, रागातच होते. मग तोंड धुतलं आणि बुवांना फोन केला.

गेल्या रविवारी पन्हाळ्यावर एका शाळेच्या आवारात सकाळी सात ते दहा गाणं झालं. नऊ कलाकारांपैकी दोघं आले, बुवा आणि जयसिंगपूरची एक तरुण गायिका, आणि दोघांनीही मानधन आपणहून कमी केलं. बसायला लोकांनी घरून आणलं होतं, म्हणजे सतरंज्या, म्हणजे तो वाद तीच जिंकली. थंडी होती, धुकं होतं, त्या पोरीचा आवाज सुरुवातीला धरला होता आणि उन्हं आल्यावर मोकळा झाला. महावीर पहिल्यांदाच असल्या कार्यक्रमाला आला होता. बहिणीनं नोकरी सोडून काय मिळवलं, हे त्याला कधी उमगलं नव्हतं. तो शेवटपर्यंत गाणाऱ्यांकडं पाठ करून माणसांकडंच बघत बसला. उठताना मला म्हणाला, "एवढी माणसं ताईला ओळखत होती?" मी म्हटलं, ताईला फार थोडी ओळखत होती, बाकीची गाणं ऐकायला आलीत. मग त्यानं अण्णांच्या सतरंजीची दोन टोकं धरली आणि ती घडी घालायला मदत केली.

एवढ्यावर संपवावं असं मी ठरवलं होतं. महोत्सव मोठा नाही पण झाला, तिची इच्छा राहिली नाही, आता खोलीची किल्ली मालकाला द्यावी आणि घरी जावं. काल त्यासाठीच गिरणीवर गेले. टेबलाचा खण रिकामा करताना तिच्या शाळकरी वह्या निघाल्या, रेघारेघांच्या. वेबसाइट काढलेली बाई, पण कुणाचा फोन आला की आधी वहीत नावं लिहून घ्यायची. कोणाचं गाणं, कुठं, केवढ्यात, हे सगळं नंतर. ऐकायला कोण कोण बसणार, त्या माणसांची नावं आधी. पानंच्या पानं नावं होती, आडनावांसकट, काहींपुढं 'उजव्या कानानं कमी ऐकतात, पुढं बसवणे' असंही. मी वाचत उभी राहिले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याशा गावातून एक बाई बोलत होत्या. "गाणं ठेवायचं तुमीच बघता न्हवं? पन्हाळ्याचं कळलं आमाला. आमी लई न्हाय, तीस-पस्तीस जणी हाय बघा. एवढ्यात हुईल का काय?"

सुजाता गेली, आम्ही बंद केलं, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. खाली गिरणी सुरू झाली. टेबल थरथरायला लागलं, आणि मी एका हातानं वहीचं कोरं पान दाबून धरलं. पेन कुठं आहे ते मला ठाऊक होतं. 

"होईल," मी म्हटलं, "नावं सांगा."