शेजारणीचं कार्ड

मी सातवी नापास. लिहायची सवय नाही. पण सांगायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

अंबरनाथला केमिकल कंपनीत होतो तेव्हा पगारातून विम्याचे पैसे कापायचे आणि त्यावर घरच्यांचं औषधपाणी फुकट. आमच्या हिच्या काळजाची झडप खराब. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, दम लागला की उल्हासनगरला विम्याच्या हॉस्पिटलात भरती. बरीच वर्षं निभलं.

मग युनियनचा करार झाला. पगार वाढला. मी चाळीत पेढे वाटले. काही महिन्यांनी ऑफिसातल्या क्लार्कनं बोलावून सांगितलं, तुमचा पगार सरकारच्या मर्यादेवर गेला, आता विम्याचं कार्ड बंद. मी म्हटलं, मग वाढ परत घ्या. तो हसला. वाढ एका भरतीतच संपली. सरकारनं आजार फुकट केला होता तो पगाराच्या एका आकड्यापर्यंत. त्याच्यापुढं एक पाऊल पडलं की बाजारभाव. बाई तीच, झडप तीच.

शेजारी त्याच कंपनीत, दुसऱ्या खात्यात होता. पगार कमी, म्हणून कार्ड चालू. त्याची बायको धडधाकट, हिच्याच वयाची. कार्डावर फोटो नव्हते, नाव आणि वय, बस्स. आमच्या चाळीत असं कार्ड वाटीभर साखरेसारखं फिरायचं.

"नाव नेतेस तर ने," शेजारीण हिला म्हणाली, "नवरा तेवढा राहू दे."

"तुझा घोरतो. कोणाला पाहिजे तो?"

"आणि नाव परत आणून दे हं."

"देते गं बाई."

अंबरनाथच्या दवाखान्यात ओळखतील म्हणून ही बदलापूरच्या दवाखान्यात जायला लागली. सुरुवातीला पुकारा झाला तरी बसूनच राहायची. म्हणून मी घरी सवय लावली. ती भाकरी थापत असली की मागून शेजारणीचं नाव घ्यायचो, आणि ती 'ओ' म्हणेपर्यंत थांबायचो. तिचं स्वतःचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी नुसतं 'अगं'.

दोन वर्षांनी शेवटची भरती केली. दुपारी भेटायच्या वेळेला गेलो. 'अगं' म्हटलं, डोळे मिटलेले. कानाशी वाकून तिचं खरं नाव घेतलं, सिस्टरला ऐकू जाऊ नये असं. पापणीही हलली नाही. तेवढ्यात सिस्टरनं पलीकडून शेजारणीच्या नावानं हाक मारली.

"ओ," ही म्हणाली. डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, वॉर्डातल्या दुसऱ्या कोणाकडं बघावं तसं.

"आमचे हे आले का हो?" मला विचारलं. "लई घोरतात. झोप नाही लागत मला."

मी आयुष्यात कधी घोरलो नाही.

दोन दिवसांनी गेली. हॉस्पिटलच्या कागदावर शेजारीण वारली. त्याच कागदावर स्मशानात पावती फाटली. शेजारीण तेव्हा आमच्या स्टोव्हवर जमलेल्या लोकांसाठी चहा करत होती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. झाडावर कावळे पुष्कळ, खाली एक येईना. मी हात जोडले. तुझे सोन्याचे डाग तुझ्या बहिणीला देतो म्हटलं. दारूला शिवणार नाही म्हटलं. पेढे वाटले ते चुकलं म्हटलं. कावळे नुसते बघत होते. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या आता."

तेव्हा बायकांतून शेजारीण पुढं आली. पिंडाकडं बघून हळू म्हणाली, "नाव राहू दे तुझ्याकडं. मी नाही मागत."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला.

त्यानंतर शेजारीण विम्याच्या दवाखान्यात गेली नाही. जाणार कशी? कागदावर मेलेली. साधा ताप आला तरी नवरा पैसे मोजून बाहेरचा डॉक्टर करायचा. मला कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अजून आमची भिंत एकच आहे. तो आमच्यासारखा नाही, बायकोला नावानं हाक मारतो. पहिल्या हाकेला ती उत्तर देत नाही. थांबते, आणि भिंतीच्या अलीकडं मीही थांबतो. आमच्या रिकाम्या स्वयंपाकघरातून 'ओ' येईपर्यंत.