माळावरचा तेलोबा

बोरगळीच्या हणमंतराव बिरादारांना जन्मभर दोनच गोष्टींचा तिटकारा होता, कष्टांचा आणि चुलतभाऊ दगडोबाचा. कष्ट टाळता येत होते, पण दगडोबाचं शेत बांधाला बांध लावून होतं.

लातूर नवा जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, तरी उदगीरकडच्या या गावाला ते फक्त एसटीच्या पाटीवरून कळलं होतं. पाऊस तर त्याच्याही आधीपासून बेपत्ता. अशात एक दिवस माळावर दोन जीपगाड्या आल्या. तेल शोधणाऱ्या कंपनीची माणसं होती. हणमंतरावांच्या ज्या आठ एकरांत कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं त्यांनी लाल टोकाची, आकडा घातलेली एक लाकडी खुंटी ठोकली आणि तीन वर्षांचा भाडेपट्टा पुढं केला. हणमंतरावांनी न वाचता सही केली. वाचता येत होतं. पण मोठ्या माणसानं वाचत बसू नये, असं त्यांचं मत होतं.

"खुंटी हलू देऊ नका," जाताना साहेब म्हणाले. "मशीन नेमकं इथंच लागणार. लागलं की मोबदला निराळा."

त्या दिवसापासून हणमंतराव शेतकरी राहिले नाहीत, तेलवाले झाले. उदगीरहून सफारी शिवून आणली. हॉटेलात बसून सांगू लागले, "अरबस्तानातले शेख बी आदी आपल्यासारकेच होते. मेंढ्या हाकायचे." बायको कस्तुराबाई म्हणाली, विहिरीतला गाळ तरी काढा. तर उत्तर आलं, "तेल निघाल्यावर पाण्याची विहीर कोन उपसतंय गं?"

माळाला लागून पंचशीलाचं तीन एकर होतं, सासऱ्याला मिळालेलं गायरान. नवरा किनवटला मास्तर, त्यामुळं शेत तीच बघायची. सातवी शिकलेली, बोलायला मोजकी. त्या उन्हाळ्यात ती घागर घेऊन हणमंतरावांच्या विहिरीवर आली, तेव्हा खाटेवरून न उठता ते म्हणाले, "पोरी, आमचा म्हसोबा ह्या पाण्यानं आंघोळ करतो. बाटतो त्यो." ती रिकामी घागर घेऊन दीड कोसावरच्या नाल्याकडं गेली. हणमंतरावांना याची लाज वाटली, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांना घोर होता तो खुंटीचा. चुलीला सरपण नाही आणि भर माळावर चांगलं वाळलेलं लाकूड उभं! त्यात एकदा दगडोबा खुंटीजवळ उकिडवा बसलेला दिसला. "बघायलो नुसतं," म्हणाला. झालं, हणमंतराव छत्री घेऊन राखणीला बसले. ज्वारीच्या राखणीला जन्मात न बसलेला माणूस खुंटी राखतोय म्हणून गाव हसलं. दोन महिन्यांत कंबरेचा काटा ढिला झाला, आणि मग त्यांना युक्ती सुचली.

एका शनिवारी त्यांनी खुंटीला शेंदूर फासला, पुढं नारळ फोडला आणि पारावर येऊन डोळे मिटून सांगितलं, "सपनात आला. म्हनला, मी तेलोबा. मला हलवलं तर गावाचं वाटोळं करीन."

आपल्याकडं शेंदूर लागायचाच काय तो अवकाश. दर शनिवारी बाया पळीभर करडीचं तेल वाहू लागल्या, घरात फोडणीला थेंब नसलेल्यासुद्धा. दगडोबानं नवस केला; त्याची भाकड म्हैस गाभण राहून व्याली आणि त्यानं पत्र्याचं छप्पर घालून दिलं. देवाला आंघोळ घालायचा मान अर्थातच हणमंतरावांचा. ते मनात खूश होते. अख्खं गाव त्यांची खुंटी राखत होतं, तेही फुकट.

तिसऱ्या वर्षी, भाडेपट्टा संपायला चार महिने उरले असताना, सात ट्रक भरून मशीन आलं. हणमंतराव सफारी घालून सामोरे गेले. साहेबांनी नकाशा उघडला आणि छपराकडं बोट केलं. "हे काढावं लागेल."

गाव आडवं पडलं. सगळ्यांत पुढं दगडोबा.

हणमंतराव आधी गोडीनं बोलले. देव दुसरीकडं बसवू, पक्कं देऊळ बांधू. "हलवलं तर वाटोळं, आसं तुमीच सांगितलं न्हवं?" एक म्हातारी म्हणाली. तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"आरं, देव न्हाई त्यो! खुंटी हाय, कंपनीची! म्याच शेंदूर फासला, ह्या हातानं!"

ते खाली बसून नखांनी शेंदूर खरवडू लागले. आत कंपनीचा आकडा होता, तो दाखवायचा होता. पण इतक्या शनिवारांच्या तेलानं आकडा कधीच खाऊन टाकला होता. दगडोबानं त्यांचा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं.

"हणमंता, पैशापायी देवाला खुंटी म्हनायलास का रं? माझी म्हैस काय खुंटीनं व्याली?"

साहेबांना कटकट नको होती. त्यांनी नकाशावरचं बोट जरा सरकवलं. शंभर पावलं इकडंही चालणार होतं, आणि शंभर पावलांवर पंचशीलाचं शेत होतं.

"तुमच्या शेतात कुठं देव वगैरे?" त्यांनी पंचशीलाला विचारलं.

"न्हाई साहेब. आमच्यात तसलं काही मांडत न्हाईत. कागद दाखवा."

बांधावर बसून तिनं कागद तीनदा वाचला आणि एक ओळ वाढवून घेतली. मशीनसाठी पाण्याचं बोअर मारलं, तर काम संपल्यावर ते तिचं.

पाणी दोनशे फुटांवर लागलं. तेल कुठंच लागलं नाही. अडीच महिन्यांनी कंपनीनं मोठं भोक सिमेंटनं बुजवलं आणि सात ट्रक आले तसे गेले. बोअरवर हापसा बसला. हणमंतरावांच्या विहिरीत तेव्हा नुसता गाळ होता, तोही वाळलेला. सगळं गाव पंचशीलाच्या हापशावर रांगेत उभं राहिलं. तिनं कुणालाही परत पाठवलं नाही.

शनिवारी सकाळी हणमंतरावांचा नंबर आला. घरी प्यायला नसलं तर चालत होतं, पण तेलोबाची आंघोळ चुकली की दगडोबा दारात येऊन उभा राहायचा. पंचशीलानं स्वतः हापसून घागर भरून दिली.

"काका," ती म्हणाली, अगदी सरळ आवाजात, "ह्या पाण्यानं चालतंय का देवाला? बाटत न्हाई?"

हणमंतरावांनी घागर खांद्यावर घेतली आणि मान खाली घालून ते खुंटीला आंघोळ घालायला निघाले.